पांढरी फुलं आणि जवसाचं तेल

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक फळ्यांची भिंत आहे. ओकच्या सात रुंद फळ्या, उभ्या लावलेल्या, आणि त्यांवर चित्रकाम: लाल जमीन, काळी वेल, पांढरी फुलं. फुलं एकूण अठ्ठेचाळीस. मी पगारांचे हिशेब करणारी बाई आहे. मोजल्याशिवाय एखादी गोष्ट नीट पाहिली असं मला वाटत नाही. त्या अठ्ठेचाळीसपैकी एकतीस फुलं पाचशे वर्षं टिकली आणि गेल्या सप्टेंबरात एका दुपारी दिसेनाशी झाली. ती परत आणता येतील का, या एकाच प्रश्नाभोवती आमचं घर पुढे कितीतरी आठवडे फिरत राहिलं.

आम्ही इंग्लंडात, लंडनला लागून असलेल्या सरे परगण्याच्या दक्षिण टोकाला राहतो. मी ट्रेनने क्रॉयडनला ऑफिसला जाते, नवरा बहुतेक घरूनच काम करतो. घर म्हणजे एका जुन्या फार्महाउसचा अर्धा भाग. लाकडी सांगाडा, मधे चुन्याचा गिलावा, आणि काटकोन म्हणावा असा कोपरा एकही नाही. घर लिस्टेड आहे, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं. कौन्सिलला विचारल्याशिवाय खिडकीची चौकटसुद्धा बदलायची नाही. विकत घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "आपण मालक नाही गं. आपण हप्ते भरणारे राखणदार."

भिंत सापडली ती गळक्या पाइपमुळे. प्लंबरने मागच्या खोलीतला भिजलेला प्लास्टरबोर्ड उतरवला आणि मला हाक मारली. त्याच्या मागे या फळ्या होत्या. मला आधी वाटलं, कुणीतरी वॉलपेपर लावला असावा. जवळ गेले तेव्हा लाल रंगात लाकडाची रेघ दिसली. फुलांना पाच पाकळ्या, पण कोणतीही दोन फुलं तंतोतंत सारखी नव्हती. कुणीतरी हाताने, भराभर, थोडं कंटाळतही काढली असावीत. खालच्या कोपऱ्यातली तर घाईघाईने उरकलेली वाटत होती.

कौन्सिलचा जुन्या इमारती बघणारा अधिकारी येऊन गेला. तो म्हणाला की हे साधारण सोळाव्या शतकाच्या तोंडावरचं असावं, आणि रंग सरसात, म्हणजे कातड्याच्या खळीत, कालवून लावलेले दिसतात, म्हणून फार नाजूक आहेत. ऑक्टोबरात एक तज्ज्ञ बाई येऊन पाहतील. तोवर काही करायचं नाही.

त्यानंतर मला त्या रंगांनी शांत बसू दिलं नाही. इथे आल्यापासून माझी समजूत होती की जुनं इंग्लंड म्हणजे काळं लाकूड आणि करडा दगड. प्रत्येक पबमध्ये तेच दाखवतात. आता शनिवार-रविवारी मी नवऱ्याला घेऊन चर्चेस आणि म्युझियम्स बघत फिरू लागले. एका गावच्या चर्चमध्ये खांबाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे पिवळ्या आणि लाल पट्ट्या शिल्लक होत्या. दगडी पुतळ्यांच्या कपड्यांच्या चुण्यांत हिरवा अडकलेला होता. एका म्युझियममध्ये मोठी लाकडी पेटी होती, बाहेरून कोळशासारखी; झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र लाल जमिनीवर घोडेस्वार. म्हणजे हे सगळं रंगीत होतं. खांब, छत, पेट्या, पलंग, दारं. आपल्याकडच्या देवळांसारखं, भडक म्हणावं इतकं. मग चर्चमध्ये चित्रं नकोत म्हणत कुणी धर्मापायी पांढरं फासलं, कुणी पुढे हौसेने खरवडून लाकूड "स्वच्छ" केलं, आणि उरलं त्याला लोक जुनं म्हणू लागले. मला हे कळल्यापासून रस्त्यावरून चालताना मी प्रत्येक काळ्या तुळईकडे संशयाने बघत होते.

ऑगस्टमध्ये बाबा आले. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच खेप. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, साताऱ्याला एकटे राहतात. आमच्याकडे आले की पहिले चार दिवस आराम करतात आणि मग त्यांचे हात कामं शोधू लागतात. या वेळी त्यांनी बागेचं फाटक दुरुस्त केलं, बोलक्या होत्या त्या सगळ्या बिजागऱ्या गप्प केल्या, आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला "बस" हा शब्द शिकवला. झोपायला त्यांना मागचीच खोली दिली होती, कारण जिना फार चढा आहे.

मी त्यांना भिंतीबद्दल सगळं बजावलं होतं. "बाबा, खिळा ठोकायचा नाही. ओलं फडकं फिरवायचं नाही. कपडे अडकवायचे नाहीत. पलंग टेकवायचा नाही. आणि शिडीवर तर चढायचंच नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना?" बाबा म्हणाले.

भिंत त्यांना आवडली होती, पण तिची दशा आवडली नव्हती. "किती सुकलंय बघ लाकूड," ते रोज म्हणायचे. "तडे जातायत. तुमचे लोक नुसते बघत बसतात."

"बघत बसणं हेच काम आहे बाबा इथे."

"आपल्या मारुतीला दरवर्षी तेल-शेंदूर चढतो म्हणून तो ठणठणीत आहे. हात लावला नसता तर केव्हाच झिजून गेला असता."

"आणि त्या शेंदराच्या आत मूळची मूर्ती कशी आहे हे गावात कुणी बघितलंय का?"

"मूर्ती बघायला जात नाहीत, मारुतीला जातात," बाबा म्हणाले.

आमच्या साताऱ्याच्या घरी दसऱ्याआधी लाकडाचं तेलपाणी असायचं. दारं, खिडक्या, देव्हारा, धान्याची पेटी. आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग जवसाचं तेल, मग दोन दिवस दारं उघडी. हे काम कायम बाबांचं. त्यामुळे मागच्या सप्टेंबरात दसरा जवळ आला आणि बाबांना शेजारी एक तहानलेली भिंत दिसत होती, तर पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं असं नवरा म्हणतो. पण तो घरात होता, वरच्या खोलीत कॉलवर, आणि त्यालाही कळलं नाही.

मी ऑफिसातून आले तर घरभर तो वास. दारातच मला साताऱ्याला आल्यासारखं वाटलं, आणि पुढच्याच पावलाला भिंत आठवली.

बाबा बाहेर दोरीवर फडकी वाळत घालत होते, वेगवेगळी, ऐसपैस. डब्यावर लिहिलं होतं की तेलकट फडकी गोळा करून ठेवली तर पेट घेतात. ते त्यांनी नीट वाचलं होतं. हायस्ट्रीटवरच्या दुकानातून स्वतः चालत जाऊन तेल आणलं होतं. "ये, बघ," ते म्हणाले. चेहरा असा फुललेला, आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

पहिल्या क्षणी भिंत सुंदर दिसली, हे मला लिहिलंच पाहिजे. लाल रंग ओल्या मातीसारखा खोल झाला होता. काळी वेल चमकत होती. मग मी फुलं शोधू लागले. बाबांचा हात जिथवर पोचला होता तिथे, जमिनीपासून एकशे पंच्याण्णव सेंटिमीटरवर, एक वळणावळणाची रेघ होती. तिच्यावर सतरा फुलं पांढरी. तिच्याखाली फुलंच नव्हती. वेल होती, देठ होते, आणि देठांच्या टोकांना तपकिरी डाग.

"फुलं कुठे गेली?" मी विचारलं.

"ओली आहेत अजून," बाबा म्हणाले. "वाळलं की येतील." पण त्यांनीही पुढे होऊन पाहिलं, आणि चष्मा पुसला.

"बाबा, मी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून."

"तू खिळ्याचं सांगितलंस, पाण्याचं सांगितलंस. शिडीवर मी चढलो नाही." ते थांबले. "तेलाचं तू काही बोलली नव्हतीस गं."

खरं होतं ते. मी सगळं बजावलं होतं आणि तेल माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेलाने काही बिघडतं हे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात कधी आलेलं नाही.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "थांबू या थोडं. वाळू दे. लगेच कौन्सिलला कशाला कळवायचं? उगाच बाबांच्या नावावर काहीतरी गुन्हाबिन्हा चढेल."

"वाळून पांढरं नाही झालं तर?"

"तर तेव्हा बघू."

मला "तेव्हा बघू" जमत नाही. दुसऱ्या दिवशी ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवरून मी अधिकाऱ्याला फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं: कोणतं तेल, किती भाग, कोणी, कशासाठी. त्याने फक्त एवढंच विचारलं, "आत्ता कुणी त्यावर आणखी काही करत तर नाही ना?"

आणि तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला. कारण बाबा आणखी काहीतरी करणार याची मला खात्री होती. तेल वाळलं, फुलं आली नाहीत, आणि बाबा घरभर येरझारा घालू लागले. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "कपड्यावर तेल सांडलं की तुझी आई काय करायची?"

"बाबा, नाही."

"डाळीचं पीठ दाबून ठेवायची. पीठ तेल ओढतं."

"ही साडी नाही."

"एकाच फुलावर बघतो. कोपऱ्यातल्या."

"एकाही नाही. हात जोडते."

मी ऑफिसात बसून पगाराचे तक्ते तपासायचे आणि डोळ्यांपुढे बेसन यायचं. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचे. नवरा वैतागायचा. "अगं, ते टीव्ही बघतायत."

"खोलीत जाऊन बघ."

"मी माझं काम सोडून तुझ्या वडलांवर पहारा ठेवू?"

"बेसनाचा डबा कुठे आहे ते तरी बघ."

एकदा खरंच तो डबा जागेवर नव्हता. नवऱ्याने शोधला तर बाबांनी भजी करायला घेतली होती. संध्याकाळी भजी खाताना कुणीच हसलं नाही. बाबा म्हणाले, "इतका अविश्वास बरा नाही." आणि ताट अर्धवट टाकून उठले. त्यानंतर ते त्या खोलीत फक्त झोपायला जायचे, तेसुद्धा भिंतीकडे पाठ करून. एक दिवस त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं की तिकीट अलीकडचं करून मिळेल का. नवऱ्याने मला ते सांगितलं. बाबांना फुलं परत हवी होती. नुसती माफी देऊन त्यांचं भागणार नव्हतं.

ऑक्टोबरात तज्ज्ञ बाई आल्या. ग्लासगोच्या, बोलणं भरभर, कपाळावर भिंग बसवलेलं. मी रजा घेतली होती. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची घेऊन खोलीच्या दारात बसले, कोर्टात बसावं तसे. त्यांचं इंग्रजी पोस्टातलं, सावकाश आणि अचूक.

"मी ते केलं," ते स्वतःच म्हणाले. "माझ्या मुलीने नाही."

"मला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "तेल शुद्ध होतं, ते बरं. लोक काय काय लावतात तुम्हाला सांगते, बुटांचं पॉलिशसुद्धा."

त्यांनी भिंत इंच न् इंच पाहिली. लाल म्हणजे लाल माती, काळा म्हणजे काजळी, पांढरा म्हणजे खडू. घर श्रीमंताचं नव्हतं, रंग सगळे आसपासचेच. मी बाबांना म्हटलं, "गेरू आहे बाबा."

"गेरू?" बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "आपल्या तुळशीवृंदावनाचा?"

"तोच."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" जणू त्यामुळे काही वेगळं घडलं असतं.

खडूचं मात्र वाईट झालं होतं. बाईंनी समजावून सांगितलं: सरसात कालवलेला खडू कोरडा असेपर्यंत पांढरा. त्यात तेल शिरलं की तो काचेसारखा होतो, त्यातून मागचं लाकूड दिसू लागतं. फूल गेलेलं नाही. ते तिथेच आहे, आणि आपल्याला त्याच्या आरपार दिसतंय.

"म्हणजे तेल काढलं की येईल," बाबा म्हणाले.

"बघू या."

त्यांनी अगदी खालचं, कोपऱ्यातलं फूल निवडलं. काडीला कापूस गुंडाळला, कसल्यातरी द्रावणात बुडवला आणि मसुरीच्या डाळीएवढ्या जागेवर टेकवला. कापूस उचलून त्यांनी उजेडात धरला. त्यावर पिवळसर डाग होता. बाबांनी मान डोलावली. दुसरी काडी. ती पांढुरकी, पिठूळ आली, आणि तिच्या कडेला गुलाबी.

"खडू येतोय," बाई म्हणाल्या. "आणि शेजारचा लालही." त्यांनी काड्या कागदावर ठेवल्या. "तेल आता रंगाचाच भाग झालंय. मी आणखी जोर लावला तर तेल निघेल, पण त्याबरोबर फूलही निघेल. मला विचाराल तर मी थांबेन. पण घर तुमचं आहे."

बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "एकदा करून बघायला सांग. दुसऱ्या फुलावर. पैसे मी देतो."

"पैशाचं नाही बाबा."

"एकतीस आहेत. त्यातली दहा गेली आणि वीस आली तरी चालतील."

"वीस येणार नाहीत. त्या काय म्हणाल्या ऐकलं ना तुम्ही?"

"तू विचार तरी."

"मी विचारणार नाही." माझा आवाज चढला होता. बाई भिंग पुसत खिडकीबाहेर बघू लागल्या. "बाबा, आत्ता ती फुलं तिथे आहेत. दिसत नाहीत, पण आहेत. मी हो म्हटलं तर ती नसतील."

बाबांनी त्या वळणावळणाच्या रेघेकडे बोट केलं. "म्हणजे मी मेल्यावरही हे असंच राहणार. इथवर म्हातारा पोचला होता, म्हणून."

"हो," मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

"मग एक कर," ते म्हणाले. "वरचंही तेलात घे. एकसारखं तरी दिसेल."

मला रडू यायला हवं होतं आणि हसू फुटलं. बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. "प्रत्येक घरमालक हेच म्हणतो! अर्ध्या इंग्लंडचं लाकूड त्यामुळेच काळं झालंय." मी ते बाबांना मराठीत सांगितलं. त्यांच्या ओठांचा कोपरा थोडा हलला, पण तेवढाच.

जाण्यापूर्वी बाईंनी फोटोसाठी खोलीत अंधार केला आणि टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. सपाट डागांना कडा फुटल्या. खडूचा थर जाड होता; पाकळ्या रंगाने दिसत नव्हत्या, उंचवट्याने दिसत होत्या. खालच्या एका फुलात ब्रशचे केससुद्धा उमटले होते. बाबा खुर्चीवरून उठले. बाईंनी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि मनगट धरून कोन दाखवला.

बाबांनी तिकीट बदललं नाही. त्याबद्दल पुन्हा कुणी विचारलंही नाही. पुढच्या सोमवारी मी ट्रेनसाठी निघत होते, बूट चढवून, पर्स खांद्यावर. मागच्या खोलीतून हाक आली.

"अगं, जरा इकडे ये."

"बाबा, उशीर होतोय मला."

"ये तर."

पडदे ओढलेले होते. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, गुडघे दुखतात तरी. शेजारी कॅलेंडरचा पाठकोरा कागद, त्यावर वेलीचा आराखडा, आणि सापडलेल्या प्रत्येक फुलापुढे टिंब. "एकोणतीस सापडली," ते म्हणाले. "तू एकतीस म्हणालीस. बरोबर मोजली होतीस ना?"

"बरोबर मोजली होती."

"मग दोन राहिली. इथे देठ आहे, आणि तिथे, दाराकडे. मला वाकता येत नाही तितकं. टॉर्च धर तू. तिरका, आणखी तिरका. फळीला लावू नकोस, काही लावायचं नाही तिला."

मी पर्स खाली ठेवली आणि गुडघे टेकले. प्रकाश फळीवरून सरकवत नेला. लाकडाची रेघ दिसली, एक जुनी भेग दिसली, वेलीचं टोक दिसलं. "थांब," बाबा म्हणाले, आणि चेहरा इतका जवळ आणला की मी त्यांचा खांदा धरून मागे ओढला. "नाही. सावली होती. पुढे घे."

ट्रेन गेली. मी ऑफिसला मेसेज केला आणि टॉर्च दाराकडे वळवला.